जरा हॉलकडे बघशील?

४ फेब्रुवारी

गोगे,

पाकीट उलटसुलट करून बघू नकोस, अक्षर माझंच आहे. सहा वर्षांनी पत्र, तेही न विचारता, हे मला कळतं. पत्ता मावशीने दिला. खरं तर दिला नाही. ती चहा टाकायला आत गेली तेवढ्यात मी तिच्या वहीतून उतरवून घेतला. तू तयार कपड्यांच्या दुकानात आहेस हेही तिच्याच तोंडून निसटलं. नऊ वर्षं नर्सिंग केलेली माझी बहीण गिऱ्हाइकांना बाह्यांची मापं सांगते, हे ऐकून मी चहा तसाच ठेवून उठले. पण ते असो.

पत्राला कारण आहे. आपल्या वॉर्डात नव्या मेट्रनबाई आल्या आहेत. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि डोक्यात एकच खूळ. आपलं पूर्वी कसं होतं? एकीने वीस खाटांचं बीपी घ्यायचं, एकीने गोळ्या वाटायच्या, एकीने स्पंज करायचे, एकीने चार्ट भरायचे. काम कसं यंत्रासारखं चालायचं. आता म्हणे प्रत्येक सिस्टरला पाच माणसं. त्यांचं बीपीही तिनेच घ्यायचं, गोळ्याही तिनेच द्यायच्या, आंघोळही तिनेच घालायची. आणि आधी त्यांना विचारायचं. हो, विचारायचं! आंघोळ केव्हा हवी, झोप कशी लागते, हाक काय मारू. प्रत्येकाच्या उशाशी एक कागद लावलाय. वर छापलंय ‘माझ्याबद्दल’, आणि खाली आपण त्या माणसाला विचारून लिहायचं.

इतकी वर्षं रात्रपाळीत पहाटे पाचला दिवे लावून सहाच्या आत वीसच्या वीस म्हातारी माणसं पुसून काढली, कुणाची तक्रार नव्हती. आता एकाला आंघोळ दुपारी चारला हवी, दुसऱ्याला एक दिवसाआड. तीन नंबरवर एक सर्व्हेअर आहेत, त्यांनी पहिलीच ओळ लिहायला लावली, ‘मला आजोबा म्हणू नये. माझं लग्न झालेलं नाही, मी कुणाचाही आजोबा नाही.’ आता बोल! मी वीस वर्षं सरसकट सगळ्यांना आजोबा म्हणत आले.

तर या नव्या थाटाला माणसं जास्त लागतात. चार जागा भरायच्या आहेत, अर्जाची मुदत एकतीस मार्च. मेट्रनबाईंनी जाहिरातीत लिहिलंय, ‘रुग्णाला वेळ देणाऱ्या नर्स हव्यात.’ वाचून मला हसूच फुटलं. आख्ख्या हॉस्पिटलात वेळ देणारी एकच होती, आणि तिला मी गोगलगाय म्हणत होते. एका म्हातारीला चार घास भरवायला तुला अर्धा तास लागायचा.

तुझ्या फायलीत तो मेमो आहे, ते खरं. ‘न सांगता हॉल सोडला.’ तू एका आजींचे केस धूत बसलीस, इकडे हॉलमधले आपले पेशंट, हेडमास्तर, खाटेवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ते परत कधी उभे राहिले नाहीत. मेमो निघणारच होता. पण झालं ते झालं. चुका माणसाकडूनच होतात. मी काही मनात ठेवलेलं नाही. तू अर्ज कर, मी दोन शब्द टाकीन. माझ्या शब्दाला आता वजन आहे.

घरी सगळं तसंच आहे. त्याच दोन खोल्या. तुझे केस विंचरून होईपर्यंत मी बाथरूमच्या दारावर थापा मारायचे, आठवतं? आता बाथरूम कायम रिकामं असतं. मी सव्वापाचलाच तयार होते आणि सहापर्यंत बूट घालून खुर्चीत बसून राहते.

तुझी थोरली बहीण,
इन्चार्ज सिस्टर


१९ फेब्रुवारी

गोगे,

पंधरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. हरकत नाही, तुला पेन शोधायलाच आठवडा लागतो.

मलाही पाच माणसं दिलीत. इन्चार्ज झाले तरी पाच घ्यायचीच, असा मेट्रनबाईंचा नियम. चार ठीक आहेत. पाचवी एक बाई आहे, अकरा नंबरवर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, म्हणून आम्ही ऑपरेटरबाई म्हणतो. भेटायला कुणी येत नाही. फायलीत लिहिलंय, ‘गोंधळलेली अवस्था, प्रतिसाद नाही.’ काही विचारलं तर छताकडे बघते, नाहीतर ओठ आवळून हात झटकते. आता अशा बाईला मी काय विचारू, तुमचा आवडता रंग कोणता?

तुला म्हणून सांगते, मी तिचा कागद बसल्या जागी भरून टाकला. ‘शांत स्वभाव. गोड आवडतं. सकाळी लवकर उठते.’ म्हाताऱ्या माणसांना गोड आवडतंच, त्यात विचारायचं काय? कागद कोरा दिसला तर मेट्रनबाई चष्म्यावरून बघतात, आणि मला कुणी चष्म्यावरून बघितलेलं खपत नाही.

त्यातच वरच्या ऑफिसातून एक प्रश्नावली आली. ‘आपण आपल्या कामात किती समाधानी आहात?’ बावीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. मी सगळीकडे तीन दिले. एक दिलं तर बोलावून विचारतात, पाच दिलं तर कामं वाढवतात. तीनच्या वाटेला कुणी जात नाही. नंतर मला एकदम वाटलं, तू असतीस तर एकेका प्रश्नावर हनुवटी टेकवून बसली असतीस आणि मी ओरडले असते, “अगं, परीक्षा आहे का ती?”

काल त्या सर्व्हेअरांनी मला विचारलं, “सिस्टर, तुम्हाला हे काम आवडतं का?” मी म्हटलं, “आवडायला काय, काम आहे.” ते म्हणाले, “मग तुमचाही एक कागद लावा भिंतीवर.” चावट आहेत.

मुदत एकतीस मार्चच आहे. विसरू नकोस.

ताई


३ मार्च

गोगे,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ना नमस्कार, ना सही. एकच ओळ.

‘जरा हॉलकडे बघशील, असं मी तुला विचारलं होतं.’

ते मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. एवढंच लिहायला सहा वर्षं लागली तुला? दुसरं काहीच विचारावंसं वाटलं नाही? मी कशी आहे, गुडघा दुखतो का, आई गेल्यावर घरात एकटी कशी राहते? आईच्या वेळी तू आलीस, तीन दिवस राहिलीस, आणि मला उद्देशून एक शब्द बोलली नाहीस. भांडी घासताना साबण हवा होता तर शेजारणीला सांगितलंस, “त्यांच्याकडून साबण घ्या.” त्यांच्याकडून! मी चार पावलांवर उभी होते.

असेल विचारलं. मी नाही कुठे म्हणते? दुपारची वेळ, चारला तपासणी, माझ्यासमोर चार्टांचा ढीग. कोण काय बोलून गेलं हे प्रत्येक वेळी कानावर पडतंच असं नाही. पडलं असलं तरी मनापर्यंत पोचत नाही. मी कदाचित हं म्हटलं असेल. माणूस कामात असला की हं म्हणतो, त्याचा अर्थ होकार असा होत नाही.

इकडे नवीच पंचाईत. ऑपरेटरबाईने जेवण सोडलंय. दूध तोंडाशी नेलं की मान फिरवते, कालचं तर माझ्या अंगावरच उडवलं. वजन उतरलंय. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत असंच चाललं तर नाकातून नळी घालू. मेट्रनबाई तिच्या उशाशी उभ्या राहून कागद वाचत होत्या. म्हणाल्या, “गोड आवडतं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?” मी म्हटलं, “त्यांनीच.” त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. पण माझी झोप उडालीय. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते काही खोटं नाही.

तू असतीस तर तिने खाल्लं असतं. कसं ते मला माहीत नाही, पण खाल्लं असतं.

ताई


१२ मार्च

गोगे,

हे पत्र मोठं होणार आहे. दुकानात वाचू नकोस, घरी गेल्यावर वाच.

आधी ऑपरेटरबाईचं सांगते. रविवारी दुपारी मी दुधाचा पेला घेऊन गेले. नेहमी आम्ही सगळ्या तिच्या उजव्या बाजूने जातो, कारण लॉकर त्या बाजूला, बीपीचं मशीन त्या बाजूला, खुर्चीही त्याच बाजूला. त्या दिवशी तिथे फरशी पुसून ओली होती, म्हणून मी खुर्ची उचलून डाव्या बाजूला ठेवली. बसले. पेला पुढे केला, तिने तोंड फिरवलं. नळीचा दिवस उद्यावर आलेला. माझा धीरच सुटला. मी स्वतःशीच पुटपुटले, “अहो बाई, तुम्हाला हवंय तरी काय?”

तिने मान वळवली आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, “कोण बोलतंय?”

गोगे, मी खुर्ची आणखी पुढे ओढली. मी म्हटलं, “मी सिस्टर.” ती म्हणाली, “इतके दिवस कुठे होतात? दुधात साखर किती घालता? मला गोड चालत नाही. पंधरा दिवस मान फिरवतेय, कुणाला कळतच नाही.”

तिच्या उजव्या कानाला अजिबात ऐकू येत नाही. बस्स, एवढंच. आम्ही सगळ्या सात महिने तिच्या बहिऱ्या कानाशी बोलत होतो आणि वर फायलीत लिहीत होतो, प्रतिसाद नाही. तिला वाटायचं, या बाया नुसती तोंडं हलवून आपली थट्टा करतात. आणि ती साखर मी घातलेली. माझ्या त्या कागदामुळे स्वयंपाकघरातून रोज दोन चमचे जास्त येत होते.

मी बिनसाखरेचं दूध आणलं. ती सावकाश प्यायली. पंचेचाळीस मिनिटं लागली. मध्येमध्ये थांबून मला एक्स्चेंजच्या गोष्टी सांगत होती. एकदा एक माणूस चुकीचा नंबर लागला म्हणून हिच्याशीच तासभर बोलत बसला, त्याच दिवशी त्याची बायको गेली होती. “मी लाइन तोडली नाही,” म्हणाली, “मला मेमो मिळाला.”

पंचेचाळीस मिनिटांत माझे बाकी चार पेशंट खोळंबले, दोन चार्ट राहिले. आणि मला इतका आनंद झाला होता की बसमधून दोन स्टॉप आधी उतरून मी घरापर्यंत चालत आले. एकटीच हसत होते, लोक बघत होते. सव्वीस वर्षं नोकरी झाली माझी. कामावरून घरी येताना असं कधी वाटलं होतं ते आठवून बघितलं. शिकाऊ होते तेव्हा, बहुतेक. त्यानंतर नाही. तुला हे रोज वाटायचं का गं? म्हणून तू दमलेली असूनही गुणगुणत यायचीस? मला तेव्हा तुझ्या त्या गुणगुणण्याचा राग यायचा.

घरी आले, कुलूप काढलं, दार उघडलं, आणि हे सांगायला घरात कुणी नव्हतं. भिंतींना काय सांगणार? मी बूटही न काढता पलंगावर बसून रडले.

तर आता दुसरं. मागच्या पत्रात मी ‘कदाचित हं म्हटलं असेल’ असं लिहिलं. ते खोटं आहे.

त्या दिवशी दोन वाजता मी चार्टवरचे अडीचचे, तीनचे, साडेतीनचे रकाने आधीच भरत बसले होते. सगळ्याच भरायच्या, तू सोडून. तू दारात आलीस, खांद्यावर टॉवेल. म्हणालीस, “ताई, आजींचे केस धुते. चार दिवस मागे लागल्यात. जरा हॉलकडे बघशील?” मी मान वर न करता म्हटलं, “हं, जा.” नुसतं हं नाही. हं, जा.

सव्वादोनला हेडमास्तरांची हाक आली. मला ऐकू आली, दोनदा. पण त्यांनी सिस्टर अशी हाक मारली नव्हती, ‘धाकट्या सिस्टर’ अशी मारली होती. सगळे तुलाच मागायचे. मी सुई टोचायला गेले तरी विचारायचे, धाकट्या सिस्टर कधी येणार? वॉर्ड मी चालवायचा, आणि जीव लावायचा तुझ्यावर. मी मनात म्हटलं, बोलवा तुमच्या धाकट्या सिस्टरला. आणि पुढचा रकाना भरला. मग तो आवाज आला.

चार्टवर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘अडीच वाजता. पेशंट खाटेवर, झोपेत, कठडा वर.’ आणि सव्वादोनला माणूस जमिनीवर. ते पान मी फाडलं. दुसरं लिहिलं. त्यावर घातलं, ‘ड्यूटीवरील सिस्टर न सांगता हॉलबाहेर.’ महिनाभरात मला इन्चार्ज करायचं ठरत होतं.

जुन्या मेट्रनच्या खोलीत तू म्हणालीस, “मी ताईला सांगून गेले होते.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “नाही.” मला वाटलं तू भांडशील, ओरडशील. तू फक्त वर दुमडलेल्या बाह्या खाली केल्यास. त्या अजून ओल्या होत्या. तेव्हापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस.

आणखी एक आहे, तेही उरकून टाकते. त्यानंतर तू तीन हॉस्पिटलांत अर्ज केलास. तिघांनीही आमच्याकडे विचारणा केली. उत्तरं ऑफिसने पाठवली, पण टिपण माझ्याकडून गेलं. तिन्ही वेळा मी मेमो जसाच्या तसा उतरवला. तुझा पेशा मी बुडवला, एकदा नाही, चारदा.

माफ कर असं लिहायचा माझा धीर होत नाही. मी मेट्रनबाईंना सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून आधी तुला लिहिलं.

ताई


२९ मार्च

गोगे,

बारा तारखेला सांगणार म्हटलं आणि चोवीसपर्यंत टाळलं. रोज त्यांच्या दारापर्यंत जायचे आणि काहीतरी निमित्त काढून परतायचे. कधी हातमोजे संपलेत, कधी नळ गळतोय. मेट्रनबाईंना वाटलं असेल या बाईला नळांचं वेड लागलंय. एका बाजूला तुझी मुदत, दुसऱ्या बाजूला माझी नोकरी. मी नोकरीचा विचार जास्त केला, हे कबूल करते. चार वर्षं राहिलीत माझी.

चोवीसला सकाळी गेले. त्या म्हणाल्या, “बसा.” मी म्हटलं, “उभीच बरी आहे.” तर त्याही खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या. समोरासमोर उभं राहून मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं, “हाक किती वेळा मारली त्यांनी?” मी म्हटलं, “दोनदा.” मग त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, “हे सगळं लिहून द्या. शब्द तुमचेच ठेवा.” मी ऑफिसच्या भाषेत लिहायला गेले तर जमेचना, म्हणून तुला लिहिलं तसंच लिहिलं.

तुझा मेमो रद्द झाला. तसं पत्र तुला रजिस्टरने येईल, आणि त्या तीन हॉस्पिटलांनाही जाईल. माझं इन्चार्जपद त्याच दिवशी काढलं. चौकशी बसणार आहे, पुढे काय होईल ते होईल. वॉर्डात बातमी पसरायला दहा मिनिटं लागली. ज्या पोरींना मी रकान्यांवरून झापायचे, त्या आता माझ्याशी फार जपून बोलतात, ते जास्त लागतं. आयाबाई तेवढी तोंडावर म्हणाली, “बहिणीला असं करतात का हो?” मी म्हटलं, “नाही करत.” सर्व्हेअरांनी मात्र नेहमीसारखं आंघोळीचं पाणी गार आहे म्हणून माझ्यावर खेकसून घेतलं. मला बरं वाटलं.

पत्र एकतीसच्या आत पोचणार नाही म्हणून मेट्रनबाईंनी तुझ्या दुकानात फोन केला. तू म्हणालीस, “कळलं. आभारी आहे.” माझ्याबद्दल काही विचारलंस का, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी आपण होऊन सांगितलं, “तुमच्याबद्दल काही बोलल्या नाहीत.”

तरी काल सुट्टी होती तर मी कपाटाचा तुझा अर्धा भाग रिकामा केला. त्यात माझ्याच चादरी शिरल्या होत्या. पडदे धुतले. मूर्खपणा आहे, मला माहीत आहे. पण दोन दिवस आहेत अजून.

ताई


२४ एप्रिल

गोगे,

तुझा अर्ज आला नाही. एकतीसला संध्याकाळी पाचपर्यंत मी ऑफिसच्या बाहेर या ना त्या कारणाने तीन फेऱ्या मारल्या. कारकून शेवटी म्हणाला, “सिस्टर, कोणाची वाट बघताय?” चार जागांवर चार मुली आल्या. चांगल्या आहेत. एक तर तुझ्याइतकीच हळू आहे, मी तिला काही बोलत नाही.

मी आता नुसती स्टाफ नर्स. पाच माणसं, बाकी काही नाही. चौकशीचा निकाल आला, मला काढलं नाही, पण इन्चार्जपद कायमचं गेलं. खरं सांगू? त्याचं दुःख मी शोधतेय, सापडत नाही. ऑपरेटरबाई आता खिडकीशी बसते आणि मी आले की विचारते, “आज लाइन मोकळी आहे का?” मी म्हणते, “पाच मिनिटं मोकळी आहे,” आणि तिच्या डाव्या बाजूला बसते. हे सगळं तू मला दाखवत होतीस, आपल्या वॉर्डातली चार वर्षं, रोज, माझ्या डोळ्यांसमोर.

आज मेट्रनबाईंनी मला बोलावलं. टेबलावर एक फॉर्म होता, लांबच्या एका हॉस्पिटलचा. गाडीने जायला दीड दिवस लागतो, मी नंतर नकाशात बघितलं. तू तिथे अर्ज केलायस. नर्सच्या जागेसाठी. मेट्रनबाई म्हणाल्या, “तुमच्या बहिणीच्या कामाची माहिती मागवली आहे. हा फॉर्म तुम्ही भरायचाय.” मी म्हटलं, “मी कशी भरू? माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? दुसऱ्या कुणाला द्या.” त्यांनी बोटाने एक ओळ दाखवली. “कुणी भरायचा ते अर्जदाराने लिहायचं असतं. त्यांनी तुमचं नाव दिलंय.”

तुझंच अक्षर. माझं नाव, पूर्ण, वॉर्डाच्या पत्त्यासकट. आणि पुढे, ‘अर्जदाराशी नातं’ या रकान्यात, ‘सहकारी’.

बहीण नाही, सहकारी. मी तो शब्द किती वेळा वाचला असेन सांगता येत नाही. आधी फार दुखलं. मग वाटलं, खोटं बोलून जिने तुला देशोधडीला लावलं, तिच्या शब्दावर तू तुझी नोकरी सोपवलीस. बहीण असण्यासाठी काही करावं लागत नाही. हे मला मिळवावं लागलं.

फॉर्म भरायला दोन तास घेतले. एकाही प्रश्नाला तीन लिहिलं नाही. ‘अर्जदाराला किती काळ ओळखता?’ लिहिलं, तिच्या जन्मापासून. ‘कामाचा वेग?’ हळू, आणि तो वाढवायला सांगू नये. ‘रुग्णांशी वागणूक?’ याला दोनच ओळींची जागा होती, मी पाठीमागे पान भरून लिहिलं. शेवटचा प्रश्न होता, ‘आपल्या घरच्या माणसाची शुश्रूषा या व्यक्तीच्या हाती द्याल का?’ लिहिलं, हो. मी आजारी पडले तर मला दुसरं कुणीही नको.

सही करून मेट्रनबाईंना दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढून पुसला आणि पाकीट बंद केलं. ते आज टपालात गेलं. म्हणजे तू आणखी लांब जाणार, आणि माझ्या सहीनेच जाणार. जा. तिथली माणसं नशीबवान आहेत. दुपारी मी डबा न उघडताच परत ठेवला, पण जा.

मला तुझी फार आठवण येते, गोगे. हे लिहायला त्या फॉर्ममध्ये कुठेच जागा नव्हती. उत्तर नको लिहूस, घाई नाही. रुजू झालीस की नुसतं कळव, तिथे तुला किती माणसं दिली.

तुझी सहकारी